आनंदीबाईंचे पहिले वर्ष

वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळवणे ही आजही सोपी गोष्ट नाही. बेंगळुरूसारख्या शहरात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी शेजारीपाजारी अशी मुले पाहिली असतील. पहाटे उठून ती अभ्यासाला बसतात, देशभर एकाच वेळी होणाऱ्या प्रवेश परीक्षेला सामोरी जातात आणि प्रवेश मिळाला, की पहिल्याच वर्षी शरीररचनाशास्त्राचे जाडजूड ग्रंथ पाहून हबकतात. परक्या गावचे जेवण, वसतिगृहाची खोली, शवविच्छेदनाच्या दालनातील तो पहिला दिवस, घरची आठवण या सर्वांतून पार पडणारे विद्यार्थी पुढे सांगतात, की सर्वांत कठीण वर्ष पहिलेच होते.

आता सुमारे 140 वर्षे मागे जाऊ. प्रवेश घेणारी विद्यार्थिनी 18 वर्षांची आहे. नऊवारी लुगडे नेसणारी, कपाळी कुंकू लावणारी, मांसाहार न करणारी, शाळेचे सलग शिक्षण न झालेली ही मराठी विवाहिता समुद्र ओलांडून एकटी अमेरिकेत गेली आहे. तिच्या जातीतील कोणतीही स्त्री यापूर्वी अशा कामासाठी घराबाहेर पडलेली नाही. ही विद्यार्थिनी म्हणजे आनंदीबाई जोशी. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणारी पहिली मराठी स्त्री म्हणून त्यांचे नाव आपल्याला ठाऊक असते. त्यांचे सारे चरित्र या पाठात मावणार नाही. त्यांनी प्रवेश कसा मिळवला आणि पहिले वर्ष कसे निभावले, एवढेच प्रामुख्याने पाहावयाचे आहे.

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 रोजी झाला. माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव जोशी हे कल्याणचे. घराणे एके काळी सुस्थितीत होते. पण यमुनेच्या बालपणी ते वैभव ओसरले होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे वयाच्या नवव्या वर्षी तिचे लग्न झाले. पती गोपाळराव जोशी टपाल खात्यात नोकरीला होते. ते बिजवर होते आणि वयाने तिच्यापेक्षा सुमारे 20 वर्षांनी मोठे होते. लग्न ठरवताना त्यांनी एकच अट घातली होती, ती म्हणजे पत्नीला शिकवण्याची मोकळीक आपल्याला असावी. हुंडा, मानपान यांच्या अटी ऐकण्याची सवय असलेल्या समाजाला ही अट विचित्रच वाटली असणार. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली.

गोपाळरावांविषयी लिहिताना लेखणी थोडी अडखळते. स्त्रीशिक्षणाचा ध्यास घेतलेला हा माणूस नसता, तर आनंदीबाई घडल्या नसत्या, हे खरे. पण त्यांचा ध्यास हेकट होता. शिकण्याऐवजी स्वयंपाकघरात रमलेली दिसली म्हणून त्यांनी त्या लहान मुलीला मारल्याचे चरित्रकारांनी नमूद केले आहे. बायको अभ्यास करते म्हणून मारणारे नवरे त्या काळी घरोघर असतील. अभ्यास करत नाही म्हणून मारणारा हा एक निराळाच. पुढे अमेरिकेत असताना आनंदीबाईंनी त्यांना लिहिलेल्या एका पत्रात या दिवसांची आठवण स्पष्ट शब्दांत काढली होती. त्या पतीच्या ऋणात होत्या आणि त्यांच्या वागण्याने दुखावलेल्याही होत्या. या दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात एकत्र नांदत होत्या, असे त्यांची पत्रे वाचताना जाणवते.

गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज आणि पुढे कलकत्त्याजवळचे श्रीरामपूर असा या जोडप्याचा प्रवास झाला. मुंबईला आनंदीबाई मिशनरी शाळेत जाऊ लागल्या. हातात पुस्तके घेऊन, पायांत वहाणा घालून रस्त्याने चालणारी ब्राह्मण स्त्री दिसली, की लोक थांबून पाहत, हसत, टोमणे मारत. पुढे कलकत्त्यालाही त्यांना हाच अनुभव आला. पोलीस शिपाईसुद्धा चेष्टा करण्यात मागे नसत.

आनंदीबाई वैद्यकाकडे वळल्या, त्यामागे एक दुःख होते. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि अवघ्या दहा दिवसांत तो गेला. त्या काळी बाळंतपणात आई किंवा मूल दगावणे ही घरोघरची गोष्ट होती. बाळंतीण अंधाऱ्या खोलीत असे. परपुरुष असलेल्या डॉक्टरसमोर आपला आजार सांगण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या स्त्रिया होत्या आणि स्त्री डॉक्टर जवळपास कोठेच नव्हत्या. मूल गमावलेल्या या अल्पवयीन आईने स्वतः डॉक्टर होण्याचे ठरवले.

निश्चय झाला, पण मार्ग कोठे होता? कोल्हापुरात असताना, 1878 साली, गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. पत्नीला अमेरिकेत शिकवावयाचे आहे, आपल्यालाही तेथे काही काम मिळेल का, अशी विचारणा त्यात होती. वाइल्डर यांनी मदतीची बोलणी धर्मांतराशी जोडली. जोशी दांपत्याला ते मान्य नव्हते. वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला आणि विषय तेथेच संपला, असे वाटले.

परंतु छापलेला कागद कोठे जाऊन पोहोचेल, हे सांगता येत नाही. न्यू जर्सी राज्यातील रोझेल या गावी राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणी 1880 साली दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. आपला क्रमांक येईपर्यंत वेळ घालवण्यासाठी त्यांनी तेथे पडलेले मासिक उचलले आणि त्यात हा पत्रव्यवहार वाचला. आपल्या पत्नीला शिकवू पाहणारा पती आणि त्याला मिळालेले ते अटी घालणारे उत्तर, दोन्ही त्यांच्या मनात राहिले. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. आनंदीबाईंनी उत्तर दिले. मग पत्रांमागून पत्रे जाऊ-येऊ लागली. सण, व्रते, बालविवाह, स्वयंपाक, औषधे असा कोणताही विषय त्या पत्रांना वर्ज्य नव्हता. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. आनंदीबाईंची प्रकृती मुळातच नाजूक होती. वारंवार डोकेदुखी, ताप, अशक्तपणा असे. कार्पेंटरमावशी अमेरिकेहून औषधे पाठवत. दोघींनी अजून एकमेकींना पाहिलेही नव्हते.

येथे कोणी विचारील, की भारतात वैद्यकाचे शिक्षण नव्हते काय? होते. कलकत्त्याचे आणि मद्रासचे वैद्यकीय महाविद्यालय 1835 साली सुरू झाले होते. मद्रासने 1875 साली काही स्त्रियांना प्रवेशही दिला होता. तरीही हिंदू घरातील विवाहित स्त्रीने पुरुषांच्या वर्गात बसून पूर्ण शिक्षण घ्यावे, अशी परिस्थिती नव्हती. सुइणींसाठी चालणारे वर्ग निराळे; त्यांत मिळणारे ज्ञान अपुरे होते आणि शिकवणाऱ्यांची दृष्टी संकुचित होती, असे आनंदीबाईंचे मत होते. अमेरिकेत मात्र केवळ स्त्रियांसाठी स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय होते. ते फिलाडेल्फिया शहरात 1850 साली सुरू झाले होते आणि तेथे स्त्रियाच शिकत, बहुतांशी स्त्रियाच शिकवत.

बेत कळताच श्रीरामपुरात चर्चेला ऊत आला. सनातनी म्हणत, समुद्र ओलांडला तर धर्म बुडेल. मिशनरी म्हणत, ख्रिस्ती होऊन गेली तर सर्व सोय होईल. गोपाळरावांना नोकरी सोडून लगेच निघणे शक्य नव्हते, तेव्हा आनंदीबाईंना एकटीनेच जावे लागणार होते. त्यावरही टीका झाली. अखेर 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूर महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाई लोकांसमोर उभ्या राहिल्या. पुरुषांनी भरलेल्या सभेत 17 वर्षांची मराठी मुलगी इंग्रजीत बोलणार होती. लोक तिला जे प्रश्न विचारत होते, तेच तिने एकेक करून पुढे मांडले आणि त्यांची उत्तरे दिली. अमेरिकेलाच का जातेस, येथे सोय नाही का, एकटी का, परत आल्यावर जातीने बहिष्कार टाकला तर काय करशील, तिकडे काही बरेवाईट झाले तर, आणि आजवर कोणत्याही स्त्रीने केले नाही ते तूच का करतेस? भारताला स्त्री डॉक्टरांची गरज आहे, हे तिने ठामपणे सांगितले. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असेही जाहीर केले. भाषणाची वार्ता वृत्तपत्रांतून पसरली. देशातून काही मदत आली. खुद्द व्हाइसरॉयनी 200 रुपये दिले. तरी तेवढ्याने भागणारे नव्हते. आनंदीबाईंनी हातांतील सोन्याच्या बांगड्या विकल्या.

7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून बोट सुटली. सोबतीला मिशनरी स्त्रिया होत्या, पण ती सोबत जिव्हाळ्याची ठरली नाही. प्रवास जवळजवळ दोन महिन्यांचा झाला. बोटीवर शाकाहारी माणसाच्या जेवणाचे हाल झाले. 4 जूनला बोट न्यूयॉर्कला लागली. कार्पेंटरमावशी धक्क्यावर आल्या होत्या. पत्रांतून तीन वर्षे ओळखीच्या असलेल्या त्या दोघी तेथे प्रथमच भेटल्या.

तो उन्हाळा रोझेलला गेला. तेथील मुलाबाळांत आनंदीबाई लवकरच रुळल्या. पण ज्या कामासाठी आल्या होत्या, ते अजून अनिश्चितच होते. महाविद्यालयाने अद्याप प्रवेश दिलेला नव्हता. जूनच्या अखेरीस त्यांनी फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयाला अर्ज लिहिला. हा अर्ज आजही तेथील संग्रहात जपून ठेवला आहे. अर्ज कसा असावा, याचा तो एक नमुना म्हणता येईल. आपल्याजवळ नाही ते आहे, असे त्यात कोठेही भासवलेले नाही. प्रवेशासाठी लागणारी पात्रता आपण कदाचित पूर्णपणे पुरी करू शकणार नाही, याची कबुली त्यांनी आधीच दिली. आप्तस्वकीय आणि जातबांधव यांचा विरोध पत्करून ज्या निश्चयाने आपण इतक्या दूर आलो, त्या निश्चयाचा विचार प्रवेश देताना व्हावा, अशी विनंती केली. आपल्या देशभगिनींना पुरुष डॉक्टरांकडून घेणे जमत नाही ते वैद्यकीय साहाय्य पुरवणे, हा आपला हेतू आहे, हे स्पष्ट सांगितले. अर्जात स्वतःविषयी दयेची याचना नाही. कामाचे महत्त्व आहे.

महाविद्यालयाच्या डीन रेचेल बॉडली या होत्या. रसायनशास्त्राच्या त्या अध्यापिका 1865 पासून तेथे शिकवत होत्या आणि 1874 पासून डीनचे पद सांभाळत होत्या. त्यांनी अर्ज मान्य केला. एवढेच नव्हे, तर महाविद्यालयाने शिष्यवृत्तीही देऊ केली. आनंदीबाईंच्या मार्गातील मोठा अडसर दूर झाला.

या महाविद्यालयाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेत स्त्रियांनी डॉक्टर होणे ही तेव्हा सर्वमान्य गोष्ट होती, असा समज कोणी करून घेऊ नये. एलिझाबेथ ब्लॅकवेल या तेथील पदवीधर होणाऱ्या पहिल्या स्त्री डॉक्टर. त्यांना पदवी मिळाली ती 1849 साली. फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातील विद्यार्थिनी 1869 साली शहरातील मोठ्या रुग्णालयात प्रात्यक्षिक व्याख्यानाला गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी आरडाओरडा करून, वस्तू फेकून त्यांचा अपमान केला होता. मुंबईच्या रस्त्यावर आनंदीबाईंना हसणारे लोक आणि फिलाडेल्फियाचे हे सुशिक्षित तरुण यांच्यात फारसा फरक नव्हता. ज्यांनी हे सोसले होते, त्या स्त्रिया आता या परदेशी मुलीच्या शिक्षिका होत्या. तिची अडचण त्यांना समजावून सांगावी लागली नाही.

1883 च्या शरद ऋतूत सत्र सुरू झाले. अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, रसायनशास्त्र, औषधींचे गुणधर्म असे विषय असत. सकाळपासून व्याख्याने, मग प्रयोगशाळा, मग शवविच्छेदन. व्याख्याने भराभर चालत आणि टिपणे उतरवून घ्यावी लागत. आनंदीबाईंचे इंग्रजी चांगले होते, पण ते पत्रव्यवहाराचे आणि वाचनाचे इंग्रजी होते. हाडे, स्नायू, मज्जातंतू यांची लॅटिन व ग्रीक वळणाची शेकडो नावे ही एक स्वतंत्र भाषाच होती. वर्गातील अमेरिकन मुलींचे शालेय शिक्षण क्रमाने झाले होते. आनंदीबाईंचे शिक्षण मात्र गावोगावच्या बदल्यांत, कधी मिशनच्या शाळेत, कधी घरी पतीच्या धाकाखाली असे तुकड्यातुकड्यांनी झाले होते. ज्यांची शाळा मध्येच सुटली आणि ज्यांनी पुन्हा पाटी हाती घेतली, त्यांना या परिस्थितीची कल्पना चटकन येईल. मधल्या रिकाम्या जागा इतरांना दिसत नाहीत. शिकणाऱ्याला त्या पदोपदी टोचतात.

शवविच्छेदनाचा प्रश्न तर आणखी वेगळा. प्रेताला स्पर्श झाला तर स्नान करून शुद्ध होण्याचा संस्कार ज्या घरात, त्या घरातील स्त्रीला प्रेतावर हाती शस्त्र घेऊन शिकावयाचे होते. कलकत्त्यात मधुसूदन गुप्त यांनी 1836 साली शवविच्छेदन केले, तेव्हा ती एक क्रांतीच मानली गेली होती. त्याला पन्नास वर्षेही झाली नव्हती. आनंदीबाई धर्माचे नियम आपल्यापुरते कसोशीने पाळत होत्या. आहार, पोशाख, कुंकू यांत त्यांनी तडजोड केली नाही. परंतु शिक्षणाच्या आड येणारा विटाळ त्यांनी मानला नाही. काय सोडावे आणि काय धरून ठेवावे, हे त्यांनी स्वतःच्या बुद्धीने ठरवले, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. कारण त्या काळी दोन्ही बाजूंचे लोक त्यांना सर्व काही एकदम धरा किंवा एकदम सोडा, असे सांगत होते.

मग हिवाळा आला. कोकणच्या दमट उकाड्यात आणि बंगालच्या उन्हात वाढलेल्या शरीराला फिलाडेल्फियाचा बर्फ सोसवणारा नव्हता. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात. अशा थंडीत ते नेसून वावरणे म्हणजे आजाराला आमंत्रणच होते. तेव्हा त्यांनी लुगड्याऐवजी पायघोळ गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास सुरुवात केली. साडी सोडली नाही, नेसण्याची तऱ्हा बदलली. एवढीशी गोष्ट, पण दूरच्या पतीला तीही पटवून द्यावी लागली. चरित्रकार आणखी एक अडचण सांगतात. त्यांच्या राहत्या खोलीतील शेगडीची जागा सदोष होती. ती पेटवली, की खोली धुराने भरून जाई; न पेटवावी, तर गारठा. फुप्फुसे आधीच नाजूक असलेल्या मुलीला धूर किंवा थंडी यांपैकी एकाची निवड रोज करावी लागत होती.

जेवणाची तीच कथा. मांस वर्ज्य. भाकरी, वरण, भाजी या साध्या अन्नासाठी स्वतः चूल पेटवावी, तर अभ्यासातला वेळ जाणार. थकून आल्यावर अनेकदा जे मिळेल त्यावर भागवावे लागे. कष्ट दुप्पट आणि आहार निम्मा, अशी स्थिती झाली. त्या वर्षी त्या आजारी पडल्या, बऱ्या झाल्या, पुन्हा आजारी पडल्या. डीन बॉडली आणि कार्पेंटरमावशी यांनी त्यांची मायेने काळजी घेतली. सुट्टी लागली, की रोझेलचे घर त्यांच्यासाठी उघडे असे. माहेर म्हणतात ते याहून काय वेगळे असते?

या सगळ्यात पतीची पत्रे येत. ती धीर देणारी असत, तशी बोचरीही. सात समुद्रांपलीकडे एकटीने राहणाऱ्या पत्नीच्या वर्तनाविषयी शंका, कपड्यांविषयी जाब, उपदेश असे त्यांत पुष्कळ असे. ज्या गोपाळरावांनी साऱ्या समाजाशी भांडून पत्नीला पाठवले, तेच आता तिच्या वाढत्या स्वतंत्र व्यक्तित्वाने अस्वस्थ झाले होते. आनंदीबाई उत्तरे देत. आदर राखून, पण आता लहान मुलीसारख्या घाबरून नव्हे. परीक्षेचा अभ्यास, ताप, थंडी आणि ही पत्रे, एवढ्या ओझ्यासह त्यांनी पहिले वर्ष पार केले. वर्ष वाया गेले नाही, ही साधी गोष्ट नव्हे.

पुढील दोन वर्षे आपण भराभर पाहू. आनंदीबाईंप्रमाणेच दूरदेशीहून आलेल्या विद्यार्थिनी या महाविद्यालयात होत्या. जपानच्या केई ओकामी आणि सीरियातून आलेल्या साबात इस्लामबूली यांच्यासह आनंदीबाईंचे 1885 साली काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. आनंदीबाई साडीत, शांत, काहीशा थकलेल्या दिसतात. त्यांनी पदवीसाठी प्रबंध लिहिला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. नव्या वैद्यकाच्या अभ्यासाबरोबरच त्यांनी आपल्याकडील जुन्या आयुर्वेदीय ग्रंथांचाही आधार घेतला. ज्या कारणाने त्या या वाटेला लागल्या होत्या, त्याच विषयावर त्यांचे शिक्षण येऊन पोहोचले.

11 मार्च 1886 रोजी पदवीदान झाले. गोपाळराव आदल्या वर्षीच अमेरिकेत आले होते. पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरिया यांच्याकडून अभिनंदनाचा निरोप आला. त्याच वर्षी इकडे कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनीही आपले वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले. एकमेकींपासून हजारो मैल दूर असलेल्या दोन भारतीय स्त्रिया एकाच वर्षी डॉक्टर झाल्या.

कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंना अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाच्या प्रमुख डॉक्टरचे पद देऊ केले होते. ज्या कोल्हापुरातून गोपाळरावांनी पहिले पत्र पाठवले होते, तेथेच डॉक्टर म्हणून परत जाण्याचा योग जुळून आला होता. पण पहिल्या हिवाळ्यापासून खंगत गेलेल्या देहाला क्षयाने ग्रासले होते. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी 1882 साली, म्हणजे आनंदीबाई अमेरिकेला जाण्याच्या आदल्याच वर्षी शोधला होता. रोगाचे कारण कळले होते. उपाय कळला नव्हता. क्षयावर गुणकारी ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन हे औषध 1943 साली हाती आले. स्वतः डॉक्टर असलेल्या आनंदीबाईंना आपल्या आजाराचा अर्थ कळत नसेल, असे म्हणता येणार नाही.

1886 च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या. बहिष्काराची भीती होती. प्रत्यक्षात लोक त्यांना पाहण्यासाठी गर्दी करत होते. कोल्हापूरच्या रुग्णालयात काम सुरू करण्याइतकी शक्ती मात्र उरली नव्हती. पुण्यात उपचार चालू होते. 26 फेब्रुवारी 1887 रोजी त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पूर्ण व्हावयास महिनाभराहून थोडा अधिक अवधी होता.

दुसऱ्याच वर्षी, 1888 साली, कॅरोलिन डॉल या अमेरिकन लेखिकेने त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र सिद्ध केले. एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचे चरित्र मराठीत लिहावे, हेही तेव्हा नवेच होते. पुढे श्री. ज. जोशी यांच्या आनंदी गोपाळ या कादंबरीमुळे ही कहाणी मराठी घराघरांत पोहोचली. रखमाबाई यांनी लंडनला जाऊन वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि सुरतेच्या रुग्णालयात दीर्घकाळ काम केले. आनंदीबाईंना जे करावयाचे होते, त्याला अशा रीतीने हात लागला.

आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी अमेरिकेला कार्पेंटरमावशींकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीतील जागेत, त्या घरच्या माणसांच्या शेजारी त्यांनी त्या जतन केल्या. भाचीच्या नावाचा दगड तेथे आजही उभा आहे.